आपली दुपार, त्यांची रात्र: रानातले शुगर ग्लायडर लाइव्ह कॅमेऱ्यावर कसे बघायचे

जूनचा महिना आहे, जेवण झालंय, दुपारचा एक वाजलाय, मोबाईल हातात आहे. नेमक्या त्याच वेळेला ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या जंगलात अंधार पडलेला असतो आणि झाडाला अडकवलेल्या एखाद्या लाकडी पेटीतून शुगर ग्लायडर एकेक करून बाहेर पडत असतात, आणि पेटीत कॅमेरा बसवलेला असेल तर आपण ते पुण्यात, नाशकात किंवा मडगावात बसून फुकट बघू शकतो. पण नवीन माणूस काय करतो, सकाळी दहाला लिंक उघडतो, एक राखाडी गोळा झोपलेला दिसतो, पाच मिनिटं काहीच हलत नाही, मग "बोअर आहे यार" म्हणून बंद करतो आणि परत कधी उघडत नाही. चूक त्याची नाहीये, त्याला वेळ कोणी सांगितलेली नसते आणि गोळ्यात काय शोधायचं तेही सांगितलेलं नसतं. ते दोन्ही इथे सांगतो.

आधी हा प्राणी कोण ते

शुगर ग्लायडर म्हणजे साधारण १०० ते १५० ग्रॅमचा, वीतभर अंगाचा आणि तेवढ्याच लांब शेपटीचा निशाचर प्राणी. पुढच्या पायाच्या करंगळीपासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत दोन्ही बाजूंना कातडीचा पडदा असतो, तो ताणला की हा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो, ५० मीटरपर्यंत सहज. आपल्या सह्याद्रीत जी उडती खार आहे तीही असंच करते, पण दोघांचं नातं काही नाही. उडती खार ही खारी-उंदरांच्या कुळातली आणि हा कांगारूच्या गोतावळ्यातला, म्हणजे मादीच्या पोटाला पिशवी असते आणि पिल्लू त्यात वाढतं. दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या घराण्यांत तोच पडदा वेगवेगळा तयार झालाय. (आणि शेकरूचा इथे काही संबंध नाही, शेकरू लांब उड्या मारतं पण त्याला पडदा नसतो, हा घोळ बऱ्याच जणांचा होतो.)

खाणं म्हणजे झाडाचा डिंक, निलगिरीचा गोड रस, फुलातला मध, पराग आणि किडे. ऑस्ट्रेलियात बाभळीच्या शेकडो जाती आहेत, त्यांच्या सालीला दात लावून हे डिंक काढतात, हिवाळ्यात तर बराचसा भार त्यावरच. वसंत आणि उन्हाळ्यात किडे जास्त.

आता एक भानगड माहीत असू द्या. २०२० पर्यंत सगळ्यांना सरसकट शुगर ग्लायडर म्हणायचे, मग शास्त्रज्ञांनी त्याच्या तीन जाती केल्या. खरा शुगर ग्लायडर आता फक्त ग्रेट डिव्हायडिंग रेंजच्या पूर्वेकडच्या, म्हणजे न्यू साउथ वेल्स आणि दक्षिण क्वीन्सलंडच्या किनारपट्टीच्या जंगलातला. डोंगररांगेच्या पलीकडे आणि खाली व्हिक्टोरियात जो दिसतो तो क्रेफ्ट्स ग्लायडर, आणि वर उत्तरेत सॅव्हाना ग्लायडर. कॅमेऱ्यावर बघून यातला फरक आपल्याला काही कळणार नाही, त्यामुळे स्ट्रीमवर "शुगर ग्लायडर" लिहिलंय आणि जागा मेलबर्नजवळची आहे तर समजून घ्यायचं की जुनं नाव चाललंय. त्यावरून चॅटमध्ये कोणाशी वाद घालू नका, तिथल्या लोकांना हे माहीत असतं.

पायरी १: रानातली स्ट्रीम शोधा, पिंजऱ्यातली नाही

यूट्यूबवर इंग्रजीत "वाइल्ड शुगर ग्लायडर नेस्ट बॉक्स लाइव्ह" असं टाईप करा आणि फिल्टरमध्ये जाऊन "लाइव्ह" निवडा. "वाइल्ड" (रानातला) आणि "नेस्ट बॉक्स" (म्हणजे झाडावरची ही पेटी) हे दोन शब्द टाकले नाहीत तर समोर नव्वद टक्के पाळीव प्राणी येणार, कारण अमेरिकेत आणि हल्ली आपल्याकडेही लोक हे पाळतात आणि त्यांच्याच व्हिडिओंचा पूर आलेला आहे.

ओळखायचं कसं? कापडी झोळी, फिरतं चाक, पाण्याची बाटली, खाण्याची वाटी, माणसाचा हात, यातलं काहीही दिसलं की तो पिंजरा. पांढराशुभ्र किंवा ठिपक्याठिपक्यांचा ग्लायडर दिसला तरी बहुतेक पाळीवच, ते रंग माणसाने निवडून पैदास केलेले असतात. रानातल्या पेटीत फक्त लाकडाच्या भिंती, खाली पानांचा ढीग आणि एका बाजूला एक गोल भोक, बास. चांगल्या स्ट्रीमच्या खाली राज्य किंवा साधारण भाग लिहिलेला असतो पण नेमकं ठिकाण नसतं, आणि ते मुद्दाम असतं, त्यामुळे "एक्झॅक्ट लोकेशन प्लीज" असं विचारत बसू नका.

पाळीववाल्यांबद्दल एवढंच सांगतो की २०१९ मध्ये जनुकं तपासून असं दिसलं की अमेरिकेतले पाळीव शुगर ग्लायडर मुळात ऑस्ट्रेलियातले नाहीतच, ते इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआतले, सोरोंगच्या आसपासचे. म्हणजे पाळीवांच्या व्हिडिओत जो बघताय तो आणि पेटीतला हा, दोघं सख्खे नाहीत. आणि कॅमेरा बघून "आपणही एक आणूया का" असं मनात आलं तर कृपया नको. हा कळपात राहणारा, रात्रभर झाडं पालथी घालणारा प्राणी आहे, वनबीएचकेमध्ये एकटा ठेवण्यासारखा नाही.

पायरी २: घड्याळ लावा (हीच मेन पायरी)

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे नका विसरू.

सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन हे आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियामध्ये घड्याळ एक तास पुढे करतात, मग फरक साडेपाच तासांचा होतो, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी परत मागे. क्वीन्सलंड मात्र हे करत नाही, तिथे बारा महिने साडेचारच. म्हणून स्ट्रीम कुठल्या राज्यातली आहे ते आधी बघा, नाहीतर डिसेंबरमध्ये तासभर उशिरा पोचाल आणि पेटी रिकामी.

आता हिशोब. जूनमध्ये तिकडे हिवाळा, सिडनीत सूर्य पाचच्या आतच मावळतो म्हणजे आपल्याकडे साधारण साडेबारा, मेलबर्नला दहा-पंधरा मिनिटं उशिरा. डिसेंबरमध्ये सिडनीचा सूर्यास्त आपल्या अडीच-पावणेतीनला, मेलबर्नचा सव्वातीनला वगैरे, ब्रिस्बेनचा सव्वादोनच्या सुमारास. ग्लायडर साधारणपणे सूर्यास्तानंतर थोडा वेळ थांबून, नीट अंधार झाला की बाहेर पडतात. म्हणून सूर्यास्ताच्या वेळेला बसायचं आणि पुढचा तास-सव्वा तास सोडायचा नाही. हिवाळ्यात हे आपल्या जेवणाच्या सुट्टीत बसतं आणि उन्हाळ्यात दुपारच्या चहाला, यापेक्षा सोयीचा टाइमझोन कुठल्याच निशाचर प्राण्याच्या कॅमेऱ्याला मिळणार नाही.

परत येणं मात्र आपल्या झोपेच्या वेळेला. सूर्योदयाच्या आधी ते पेटीत येतात, म्हणजे डिसेंबरमध्ये आपल्याकडे रात्री अकरा-बाराच्या आसपास आणि जूनमध्ये मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला. रात्री जागणारे डिसेंबर-जानेवारीत दोन्ही टोकं गाठू शकतात. मधेही एखादा येऊन जातो, विशेषतः पेटीत पिल्लं असतील तर आई फेऱ्या मारते.

मोबाईलच्या वर्ल्ड क्लॉकमध्ये सिडनी आणि ब्रिस्बेन दोन्ही टाकून ठेवा, आणि तिथल्या सूर्यास्ताची वेळ कुठल्याही हवामान ॲपमध्ये शहर टाकलं की दिसते.

लंडनच्या मराठी मंडळींना हे सकाळच्या नाश्त्याला पडतं. न्यू जर्सीवाल्यांना पहाटे साडेतीन ते साडेपाच, त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे.

पायरी ३: मागे कसं जायचं

यूट्यूबच्या लाइव्हला बहुतेक वेळा मागे सरकवता येतं, जास्तीत जास्त १२ तासांपर्यंत, स्ट्रीमवाल्याने ते बंद केलेलं नसेल तर. म्हणजे दुपारी मीटिंग होती तरी संध्याकाळी सातला बसून ग्लायडर बाहेर पडतानाचं बघता येतं, आणि सकाळी उठून पहाटेचं परतणं. लॅपटॉपवर इंग्रजी जे (J) दाबलं की दहा सेकंद मागे, एल (L) दाबलं की दहा सेकंद पुढे, के (K) म्हणजे थांबा. थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली की एकेक फ्रेम सरकते, किती जण बाहेर पडले ते मोजायला याचा फार उपयोग, कारण एकजण भोकात अडकून बसतो आणि मागचा त्याच्या अंगावरून जातो आणि डोळ्याला एकच गेल्यासारखा वाटतो. मागचं बघताना स्पीड दुप्पट ठेवा, झोपलेला तासभर तसाच बघण्यात काही पुण्य नाही.

एक लक्षात ठेवा, १२ तासांपेक्षा लांब चाललेली लाइव्ह यूट्यूब आपोआप साठवून ठेवत नाही. त्यामुळे काही भारी दिसलं तर तेव्हाच स्क्रीनशॉट काढा, "उद्या बघू" म्हणालात तर गेलं.

क्वालिटी ४८० वर ठेवली तरी चालते, चित्र तसंही काळंपांढरं असतं. का, तर पेटीत दिवा नसतो, इन्फ्रारेड एलईडी असतात, तो प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो आणि ग्लायडरचं त्यावाचून काही अडत नाही. म्हणून त्यांचे डोळे चमकताना दिसतात आणि अंगावरचा खरा रंग, म्हणजे राखाडी पाठ आणि डोक्यापासून कमरेपर्यंत जाणारा काळा पट्टा, हे फक्त फिकट-गडद म्हणून कळतं. स्ट्रीमला आवाज असेल तर इअरफोन लावाच. अर्धी माहिती आवाजात असते, त्यावर पुढे येतो.

पायरी ४: गोळा वाचायला शिका

आता खरी मजा. पेटीत जो केसाळ ढीग दिसतो त्यात दोन असू शकतात, सात असू शकतात, पिल्लं धरून त्याहून जास्त. थंडीत ते एकमेकांत इतके घुसलेले असतात की डोकं कुठलं आणि शेपूट कुणाची कळत नाही. मोजायचं तर कान मोजा. शेपट्या फसवतात, एक शेपटी दोन जणांना वेढा घालून बसलेली असते, पण कान मोठे आणि उघडे असतात आणि झोपेतही हलतात. तेही जमलं नाही तर बाहेर पडतानाच मोजा, तो आकडा सगळ्यात खात्रीचा.

नर कसा ओळखायचा: मोठ्या नराच्या कपाळावर टक्कल पडलेला पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा एक डाग असतो, ती वासाची ग्रंथी. तो ते डोकं बाकीच्यांच्या छातीला, अंगाला घासतो आणि सगळ्या कळपाला एकच वास लावून टाकतो. कोणी बाहेरचा आला की तो वासावरूनच पकडला जातो. असं घासणं दिसलं तर लगेच थांबून कपाळ बघा, डाग दिसतो. लहान नरांना तो नीट नसतो, त्यामुळे डाग नाही म्हणजे मादीच असं ठरवू नका.

अंग खाजवताना मागचा पाय बघा. मागच्या पायाची दोन बोटं एकमेकांना जुळलेली असतात आणि वर दोन नखं, त्याचा ते कंगवा म्हणून वापर करतात. बाहेर पडायच्या आधी बराच वेळ हा कार्यक्रम चालतो आणि मला विचाराल तर बाहेर पडण्यापेक्षा हाच भाग जास्त बघण्यासारखा, कारण कोण कोणाला साफ करतं, कोण कोणाला ढकलून भोकाजवळ जातं, कोण शेवटपर्यंत लोळत राहतं, हे रोज बघितलं की ते वेगवेगळे दिसायला लागतात.

शेपटीत पानं धरून आत येणारा दिसला तर तो क्षण सोडू नका. मागच्या पायांनी लटकून पुढच्या पायांनी पानं तोडतो, ती शेपटीत गुंडाळतो आणि पेटीत आणून टाकतो. आधी काही कळत नाही, शेपटी वेडीवाकडी का दिसते असं वाटतं, मग ती सुटते आणि पानांचा पुंजका खाली पडतो.

पिल्लांचा हंगाम. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात साधारण जून ते नोव्हेंबर या काळात पिल्लं जन्मतात, बहुतेक एक किंवा दोन. गर्भ फक्त १६ दिवसांचा, जन्मताना वजन ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याएवढं, ते जन्मलेलं कॅमेऱ्यावर दिसण्याची आशाच ठेवू नका. पुढे सुमारे ७० दिवस पिशवीत, त्या काळात फक्त आईचं पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं दिसतं आणि कधीकधी पिशवीच्या तोंडातून एखादी बारीक शेपटी किंवा पाय बाहेर आलेला. मग पिल्लं पेटीत सोडली जातात, सुरुवातीला डोळे मिटलेले, आणि आणखी महिना-दीड महिन्याने, जन्मापासून चारेक महिन्यांच्या आत, ती बाहेर पडायला लागतात. म्हणून सप्टेंबर ते जानेवारी हा नवीन माणसाने सुरुवात करायला सगळ्यात चांगला काळ, एक तर पिल्लं, आणि आपल्याकडे वेळही दुपारची सोयीची.

पायरी ५: "मेला की काय" असं वाटलं तर

हिवाळ्यात हा प्रश्न प्रत्येक नवीन माणसाला पडतो म्हणून वेगळा लिहितोय. थंडी, पाऊस, खायला कमी अशा वेळी ग्लायडर टॉर्परमध्ये जातात, म्हणजे शरीराचं तापमान खाली सोडून देतात आणि ऊर्जा वाचवतात. रानातल्या ग्लायडरांच्या अभ्यासात हे दोन तासांपासून तेवीस तासांपर्यंत टिकलेलं नोंदवलंय आणि अंगाचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरलेलं. साध्या झोपेत कान हलतात, श्वास दिसतो, कोणीतरी कूस बदलतं. टॉर्परमध्ये यातलं फार कमी, गोळा एकदम घट्ट आणि निश्चल, आणि संध्याकाळ झाली तरी कोणी उठत नाही. जागं होताना आधी अंग थरथरतं, ते बघून घाबरू नका.

न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर चक्रीवादळाच्या रात्री काही ग्लायडर चक्क टॉर्परमध्ये गेले होते, २०१५ मध्ये त्याचा अभ्यास छापून आलाय. बाहेर झाडं मोडतायत आणि हे आत गारठून पडलेत, वादळ संपेपर्यंत. त्यामुळे स्ट्रीमवर पावसाचा आणि वाऱ्याचा आवाज येत असेल आणि सूर्यास्तानंतर दोन तासांनीही कोणी हललं नाही तर ते हुशारी करतायत एवढंच समजायचं. तिथलं हवामान ॲपवर बघा, बहुतेक उत्तर तिथेच मिळतं.

उन्हाळ्यात उलटं. लाकडी पेटी झाडाच्या ढोलीपेक्षा जास्त तापते, ढोलीभोवती जाड जिवंत लाकूड असतं आणि पेटीला दोन-अडीच सेंटीमीटरची फळी. चाळीस अंशांच्या दिवशी गोळा सुटतो आणि सगळे वेगवेगळे पसरून पडलेले दिसतात. म्हणून चांगल्या पेट्या सावलीच्या बाजूला लावतात.

आवाजांबद्दल

कुत्र्याच्या लहान पिल्लाने एकसारखं भुंकावं तसा याप-याप आवाज बाहेरून आला तर तो ग्लायडरचाच, धोक्याचा इशारा. घुबड किंवा मांजर जवळ आलेलं असू शकतं. पेटीच्या आत किरकिर, खरखर असा चढत जाणारा आवाज म्हणजे भांडण किंवा वैताग, बहुतेक वेळा कोणीतरी कोणाच्या तरी डोक्यावर पाय दिलेला असतो. पिल्लांचा फिसफिस आवाज अगदी बारीक, इअरफोनशिवाय ऐकूच येत नाही. पहाटे कूकाबुरा पक्ष्यांचं हसणं आणि दिवसा कॉकॅटू पोपटांचा गोंधळ, हा पार्श्वसंगीताचा भाग, त्याकडे लक्ष देऊ नका किंवा द्या, मला तर आवडतो.

पायरी ६: दुसरंच कोणी दिसलं तर

पेटी लावताना भोक ४ सेंटीमीटरच्या आसपास ठेवतात आणि अनेकदा ते खोडाच्या बाजूला असतं, म्हणजे खोडावरून चढून येणाऱ्या ग्लायडरला जमतं आणि मोठ्या पोसमला (तोही झाडावरचा पिशवीवाला प्राणी) नाही. तरी बिनबुलाए पाहुणे येतातच.

तोच ग्लायडर पण मोठा, दुप्पट वजनाचा आणि शेपटी जास्त झुबकेदार, तर तो स्क्विरल ग्लायडर असू शकतो. एकटा फोटो बघून सांगणं अवघड, भोकाच्या मापाशी तुलना करा. अगदी छोटा, १०-१५ ग्रॅमचा आणि शेपटी दोन्ही बाजूंनी पिसासारखी, तर फेदरटेल ग्लायडर. शेपटीला बाटली घासायच्या ब्रशसारखे काळे केस असलेला चपळ प्राणी म्हणजे तुआन, तो मांसाहारी आहे आणि त्याच्या नराची गोष्ट अजब, पहिल्याच प्रजननाच्या हंगामानंतर सगळे नर मरतात. मधमाश्या पेटी बळकावतात, त्या युरोपातून नेलेल्या, आणि एकदा पोळं लागलं की ग्लायडर परत येत नाहीत.

आणि हो, साळुंकी. आपली अंगणातली साळुंकी १८६०च्या दशकात किडे खायला म्हणून मेलबर्नला नेली गेली, आज तिथे ती उपद्रवी पक्षी आहे, ढोल्या आणि पेट्या बळकावते, पेंढा-प्लास्टिक भरून ठेवते. तिथल्या चॅटमध्ये "मायना" या शब्दाला किती शिव्या पडतात ते बघून आपल्याला जरा कसंनुसं होतं, पण ढोलीसाठी तिथे खरंच मारामारी आहे. निलगिरीत प्राण्याला राहण्याजोगी ढोली तयार व्हायला शंभर वर्षं सहज लागतात, जुनी झाडं तोडली गेली, २०१९-२०च्या वणव्यांत आणखी गेली, आणि नवीन लावलेल्या झाडात आपल्या आयुष्यात ढोली होणार नाही. म्हणून तर या पेट्या.

घोरपडीच्या जातीचा मोठा लेस मॉनिटर किंवा अजगर पेटीत शिरलेला बघायची वेळ कधीतरी येऊ शकते. तेव्हा "कोणीतरी वाचवा" असं चॅटमध्ये ओरडण्यात अर्थ नाही, बहुतेक कॅमेरेवाले हस्तक्षेप करत नाहीत आणि करूही नये, तोही तिथलाच प्राणी आहे. बघवत नसेल तर टॅब बंद करा, लहान मुलं शेजारी असतील तर आधीच करा.

आणि ज्यांना ग्लायडर म्हणजे फक्त गोड वाटतो त्यांच्यासाठी टास्मानिया. तिथे तो मूळचा नाही, १८३०च्या दशकात माणसाने नेला, आणि तिथे तो स्विफ्ट पॅरट या आधीच संपत आलेल्या पोपटाच्या ढोलीत रात्री घुसून अंडी, पिल्लं आणि अंड्यांवर बसलेली मादीसुद्धा खातो. हे २०१४ च्या सुमारास कॅमेऱ्यांमुळेच नीट कळलं. मग ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी पोपटांच्या पेट्यांना अंधार पडला की आपोआप बंद होणारी आणि उजाडलं की उघडणारी दारं बसवली. म्हणजे इकडे ग्लायडरसाठी पेटी आणि तिकडे ग्लायडरपासून वाचायला पेटी. प्राणी एकच, पत्ता बदलला की बाजू बदलते.

पायरी ७: वही ठेवा

सक्ती नाही, पण वही ठेवली की बघणं बदलतं. फार लिहायचं नाही: तारीख, तिथला सूर्यास्त, पहिला कधी बाहेर पडला, शेवटचा कधी, एकूण किती, हवा कशी. वेळा तिथल्या लिहा, आपल्या नको, नाहीतर ऑक्टोबरमध्ये सगळी वही बिघडते. एवढं थोडे दिवस केलंत की दिसायला लागतं की ढगाळ दिवशी लवकर निघतात का, पावसात किती उशीर, पिल्लं आल्यावर कोण लवकर परततं. मुलं घरी असतील तर त्यांना मोजायला लावा, दिवाळीच्या सुट्टीत तर पिल्लांचाच मोसम असतो आणि कान मोजण्यात ती आपल्यापेक्षा पक्की असतात.

चॅटमध्ये लिहायचं असेल तर आधी वर पिन केलेला मेसेज वाचा, बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथे असतात. ग्लायडरांना नावं दिलेली असतील तर तीच वापरा. साध्या इंग्रजीत "फोर आउट, वन स्टिल इनसाइड" एवढं लिहिलंत तरी तिथले नेहमीचे लोक खूश होतात, कारण तुम्ही मोजताय हे त्यांना कळतं.

पेटी रिकामी असेल तर

हे होणारच. एका कळपाच्या एकापेक्षा जास्त ढोल्या असतात आणि ते अधूनमधून जागा बदलतात, कधी हवेमुळे, कधी पिसवा-माइट झाले म्हणून, कधी कारण कळतच नाही. चार दिवस नुसती पानं दिसली म्हणजे काही वाईट झालं असं धरून चालू नका. एकाच स्ट्रीमवर अवलंबून राहू नका, वेगवेगळ्या राज्यांतल्या दोन-तीन सेव्ह करून ठेवा, एक व्हिक्टोरियाची आणि एक क्वीन्सलंडची असेल तर उन्हाळ्यात एकीकडचे बाहेर पडून झाले की दुसरीकडे जाता येतं की नाही ते वरच्या वेळांवरून तुम्हीच काढा (उत्तर: ब्रिस्बेन आधी, मेलबर्न नंतर). रिकाम्या पेटीची स्ट्रीम रोज उघडायची गरज नाही, आठवड्यातून एकदा सूर्यास्ताच्या वेळेला डोकवा, पानांचा ढीग आधीपेक्षा उंच दिसला किंवा मधे खळगा पडलेला दिसला तर कोणीतरी येऊन गेलंय, मग दुसऱ्या दिवशी परत बसा.